१६८० च्या लंडनमधली पत्रकबाजी: वाचायची कशी आणि फसायचं कसं नाही

बऱ्याच जणांचं असं होतं. १६८० च्या आसपासचं एखादं इंग्लिश राजकीय पॅम्फ्लेट स्कॅनमध्ये उघडतात, पहिल्या पानावर दहा ओळींचं टायटल, आत पोप, फ्रान्स, गुलामगिरी, "१६४१ परत येतंय" (म्हणजे राजा नि पार्लमेंटमधल्या यादवी युद्धाच्या तोंडावरचं वर्ष) असलं काहीबाही, कुठल्यातरी गावाकडच्या मित्राला लिहिलेलं पत्र, आणि पाचव्या पानावर कंटाळून बंद. माझंही बरेच दिवस तेच चाललं होतं, कारण मी प्रत्येक पत्रक एकेकटं वाचत होतो, आणि हा सगळा माल म्हणजे भांडणाची अर्धी बाजू असते, फोनवर बोलणाऱ्या माणसाचं बोलणं शेजारी बसून ऐकल्यासारखं. पलीकडचा काय म्हणाला ते कळल्याशिवाय अलीकडचा का ओरडतोय ते कळणार कसं? तर ही पत्रकं वाचायची माझी जी पद्धत हळूहळू बसत गेली ती लिहितोय, कॉलेजसाठी वाचत असाल किंवा नुसत्या हौसेपोटी, दोन्हीला चालेल.

वाचायला घ्यायच्या आधी एका कागदावर कायद्याचा साधा टाइमटेबल काढून शेजारी ठेवा, कारण पत्रकाची भाषा त्यावर ठरते. १६६२ चा लायसन्सिंग ॲक्ट, म्हणजे छापायच्या आधी परवानगी, छापखाने फक्त लंडन, ऑक्सफर्ड, केंब्रिज नि यॉर्कला, आणि मास्टर प्रिंटरांची संख्या कमी करत करत २० वर आणायची. १६६३ पासून या सगळ्यावर नजर ठेवायला रॉजर लेस्ट्रेंज, पदाचं नाव सर्व्हेयर ऑफ द प्रेस. हे नाव लक्षात ठेवा, हा माणूस पुढे जवळपास प्रत्येक वळणावर भेटतो. त्याने त्याच वर्षी रात्री धाड टाकून जॉन ट्विन नावाच्या प्रिंटरला राजद्रोही मजकूर छापत असताना पकडला, आणि १६६४ मध्ये ट्विनला राजद्रोहाच्या आरोपाखाली फाशी देऊन देहाचे तुकडे केले. लिहिणारा तो नव्हता, नुसता छापत होता. मग १६७९ मध्ये पार्लमेंटच्या गोंधळात हा कायदा नूतनीकरण न होता संपला, १६८५ मध्ये दुसरा जेम्स गादीवर आल्यावर परत लागू झाला, आणि १६९५ मध्ये कायमचा गेला. म्हणजे १६७९ ते १६८५ आणि १६९५ च्या पुढे, हे दोन पुराचे काळ. मधे १६८८ च्या हिवाळ्यात राजाच पळाला तेव्हाही कोण कुणाला विचारतंय अशी स्थिती होतीच.

पण कायदा संपला म्हणजे मोकळं रान मिळालं असं समजू नका, इथे सगळे घसरतात. आधी परवानगी घ्यायची गरज संपली, नंतर पकडायची सोय शाबूत होती. सेडिशस लायबलचा, म्हणजे सरकारची बदनामी करणाऱ्या लिखाणाचा, खटला भरला की मजकूर खरा आहे हा बचावच चालायचा नाही, आणि जज लोकांचं म्हणणं असायचं की ज्युरीने फक्त एवढंच ठरवायचं, याने हे प्रसिद्ध केलं की नाही, बाकी ते राजद्रोही आहे का नाही ते आम्ही बघतो. बेंजामिन हॅरिस या विक्रेत्याला 'ॲन अपील फ्रॉम द कंट्री टू द सिटी' विकल्याबद्दल ५०० पौंड दंड आणि पिलरी, म्हणजे चौकात लाकडी खोड्यात मान नि हात अडकवून उभं करणं. एलिझाबेथ सेलिए ही कॅथलिक सुईण, १६८० मध्ये राजद्रोहाच्या खटल्यातून सुटली, सुटल्यावर गप्प बसायचं सोडून स्वतःची बाजू मांडणारं 'मॅलिस डिफीटेड' छापलं नि स्वतःच्या घरातून विकलं, की परत खटला, १००० पौंड दंड आणि तीनदा पिलरी. एवढ्याशा पत्रकासाठी! स्टीफन कॉलेज हा सुतार, त्याला तर १६८१ च्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्डला फासावर चढवला, त्याच्यावरच्या पुराव्यात राजाची टिंगल करणारं एक गाणंही होतं, आणि गंमत म्हणजे लंडनच्या ग्रँड ज्युरीने (खटला चालवण्याइतका पुरावा आहे का हे आधी ठरवणारी ज्युरी) त्याच्यावरचा आरोप आधी फेटाळला होता म्हणून खटला ऑक्सफर्डला नेला.

हे सगळं डोक्यात ठेवलं की पत्रकातला आडवळणीपणा त्रासदायक न वाटता उपयोगाचा वाटायला लागतो. "गावाकडच्या मित्राला पत्र", "दोघांचा संवाद", "कुणीतरी पाहिलेलं स्वप्न", "चित्रकाराला सूचना", हे सगळे लेकी बोले सुने लागे प्रकार. जिथे लेखक अचानक फारच नम्र होतो, राजाच्या चांगुलपणाचं कौतुक सुरू करतो आणि सगळा दोष "वाईट सल्लागारां"वर टाकतो, तिथे पेन्सिलने खूण करा. बहुतेक वेळा त्याला जे बोलायचंय ते त्याच पानावर असतं.

आता तारीख. हे नीट वाचा कारण मी यात साफ आपटलोय. इंग्लंडमध्ये तेव्हा कायदेशीर नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे हॅरिसचा खटला फेब्रुवारीत झाला, त्या काळचा माणूस त्याला फेब्रुवारी १६७९ म्हणेल आणि आपण फेब्रुवारी १६८० म्हणू. मी एकदा एका पत्रकावरची जानेवारीची तारीख जशीच्या तशी धरली आणि त्याचं उत्तर शोधत वर्षभर आधीचा सगळा ढीग उपसला, चार दिवस, सापडणार काय डोंबल. तर जानेवारी, फेब्रुवारी आणि २४ मार्चपर्यंत काहीही दिसलं की थांबा आणि दोन्ही वर्षं लिहा, १६८०/८१ असं. त्यात परत इंग्लंड जुन्या ज्युलियन कॅलेंडरवर आणि हॉलंडचा मोठा भाग नव्यावर, फरक दहा दिवसांचा. विल्यम ऑफ ऑरेंजने (हाच पुढे राजा तिसरा विल्यम) इंग्लंडवर यायच्या आधी जो जाहीरनामा काढला तो इंग्लिश हिशोबाने ३० सप्टेंबर १६८८ चा आणि डच हिशोबाने १० ऑक्टोबरचा, कागद एकच. तो टॉर्बेला उतरला ५ नोव्हेंबरला, पण तेही इंग्लिश तारखेने.

आणि तिसरी भानगड विक्रेत्यांची. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये निघालेल्या पुस्तकावर ते बिनधास्त पुढच्या वर्षाचा आकडा टाकायचे, म्हणजे माल जास्त दिवस ताजा दिसतो. तत्त्वज्ञ जॉन लॉकचे 'टू ट्रिटायझेस' बाहेर आले १६८९ मध्ये, टायटल पानावर १६९०. म्हणून टायटल पानावरच्या वर्षावर कधीही पूर्ण भरवसा ठेवू नका, आतल्या घटना बघा, शेवटची जी घटना लेखकाला माहितीये ती शोधा, आणि जी मोठी घटना माहीत असायला हवी होती पण नाहीये तीही शोधा. या दोघांच्या मधे पत्रक बसतं. ही युक्ती कुठल्याही कॅटलॉगपेक्षा भारी चालते.

टायटल पान वाचायला शिकणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि मला विचाराल तर निम्मी मजा तिथेच आहे. टायटल पान हे तेव्हा जाहिरातीचं पोस्टर होतं, सुटी टायटल पानं खांबांवर, दारांवर डकवायचे, म्हणून तर ती एवढी लांबलचक. त्यात तीन गोष्टी शोधायच्या. एक, उत्तराचा शब्द. ॲन्सर, रिप्लाय, व्हिंडिकेशन, रिमार्क्स, रिफ्लेक्शन्स, डिफेन्स आणि ते भारदस्त ॲनिमॅडव्हर्शन्स, यातलं काही दिसलं की कुणाचं तरी उत्तर आहे. "अ लेट पॅम्फ्लेट" असं लिहिलेलं असेल तर तो "लेट" म्हणजे नुकताच आलेला, मेलेला नव्हे. दोन, कोण छापतंय. आणि तीन, कोण छापतंय ते सांगितलेलं नाही का.

तिसऱ्यासाठी कवी नि खासदार अँड्र्यू मार्व्हेलचं उदाहरण घ्या. 'ॲन अकाउंट ऑफ द ग्रोथ ऑफ पोपरी अँड आर्बिट्ररी गव्हर्नमेंट', म्हणजे पोपगिरी (कॅथलिक पंथाचं हेटाळणीचं नाव) आणि मनमानी राजवटीच्या वाढीचा वृत्तान्त, लेखकाचं नाव नाही, छापखान्याचं नाव नाही, फक्त ॲम्स्टरडॅम आणि १६७७. ॲम्स्टरडॅमची थाप आहे. परदेशातलं शहर टाकलं की इथल्या प्रिंटरच्या मागचा ससेमिरा टळेल ही त्या काळची साधी आयडिया, सगळ्यांना माहीत असलेली, तरी चालणारी. सरकारने लंडन गॅझेट या सरकारी वृत्तपत्रात पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. मार्व्हेल १६७८ च्या ऑगस्टमध्ये वारला. त्याच वर्षी लेस्ट्रेंजने उत्तर काढलं आणि त्याचं टायटल बघा, 'ॲन अकाउंट ऑफ द ग्रोथ ऑफ नेव्हरी', म्हणजे "लबाडीच्या वाढीचा वृत्तान्त", पोपरीच्या जागी एक शब्द बदलला की झालं, पुढे १६७७ च्या सुधारकांची १६४१ च्या सुधारकांशी तुलना असंही टायटलमध्येच जोडलेलं. दुकानात दोन्ही शेजारी ठेवली तर न वाचताच अर्धं भांडण कळावं. असं टायटल चोरून उलटवणं हा त्यांचा आवडता डाव, त्यामुळे टायटलची रचना ओळखीची वाटली की मूळ शोधायला लागा.

बाकी पानाचं तांत्रिक मी थोडक्यात सांगतो. एफसारखा दिसणारा लांब एस दोन दिवसांत सवयीचा होतो. तिरके शब्द म्हणजे आवाज चढवलेला, कधी कधी नुसती नावं. पानाच्या तळाशी ए, बी, सी अशी अक्षरं असतात ती कागदाच्या तावांची खूण, क्वार्टो आकारात एका तावाची आठ पानं, म्हणजे डीपर्यंत गेलं तर ३२ पानं, आणि ढोबळ भाव तावामागे पेनी. मधेच टाइप बदलला, पान-नंबर उडी मारून पुढे गेले, तर काम घाईने दोन छापखान्यांत वाटून दिलेलं असू शकतं. घाई का होती हा प्रश्न मात्र विचारा, त्याचं उत्तर बहुतेक वेळा पार्लमेंटच्या तारखेत सापडतं.

आता मूळ मुद्दा, साखळी. माझं स्पष्ट मत, सुरुवात १६७९-८१ च्या पुरापासून करू नका, बुडाल. सुरुवात १६९७ च्या खड्या फौजेच्या वादापासून करा, तो आटोपशीर आहे. फ्रान्सशी चाललेलं नऊ वर्षांचं युद्ध रिस्विकच्या तहाने सप्टेंबर १६९७ मध्ये संपलं, राजा तिसऱ्या विल्यमला फौज ठेवायची होती कारण चौदाव्या लुईवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, आणि बऱ्याच लोकांना शांततेच्या काळातली पगारी फौज म्हणजे जुलमाची पहिली पायरी वाटायची. जॉन ट्रेंचर्डने वॉल्टर मॉयलच्या मदतीने निनावी पत्रक काढलं, टायटलचा मराठीत अर्थ असा की खडी फौज स्वतंत्र राज्यव्यवस्थेशी विसंगत आहे हे दाखवणारा युक्तिवाद. त्यावर जॉन सॉमर्स, म्हणजे खुद्द लॉर्ड चॅन्सेलर, त्यानेही निनावीच, 'बॅलन्सिंग लेटर' काढलं, तराजूत तोलल्यासारखं, थोडी फौज ठेवायला काय हरकत आहे या सुरात. ट्रेंचर्डचं त्या पत्राला पत्र. मधे डॅनियल डिफो आला, आधी त्याचे 'सम रिफ्लेक्शन्स', मग १६९८ मध्ये त्याचं जे पत्रक आलं त्याचं टायटल ट्रेंचर्डचंच, फक्त मधे दोन गोष्टी घातल्या, "पार्लमेंटच्या संमतीने" आणि "नाही". संमतीने ठेवलेली खडी फौज स्वतंत्र राज्यव्यवस्थेशी विसंगत नाही. बास, सगळा वाद त्या दोन शब्दांत आलाय की नाही? ट्रेंचर्डने मग इंग्लंडमधल्या खड्या फौजांचा छोटा इतिहास लिहून काढला.

हे वाचताना एका कागदाचे दोन भाग करा. डावीकडे पहिल्या पत्रकातले मुद्दे, उजवीकडे उत्तर देणाऱ्याने त्यातले कुठले घेतले. आणि खरी मेख म्हणजे उजवीकडची रिकामी जागा बघा, त्याने कशाला हात लावला नाही. डिफो तत्त्वावर बोलतो, पार्लमेंटवर बोलतो, ट्रेंचर्डची भीतीच खोटी म्हणत नाही, ती संमतीच्या अटीने बांधतो. म्हणजे दोघांचं ज्यावर एकमत होतं ते कुणीच मोठ्याने म्हटलेलं नाही आणि ते तुम्हाला फक्त दोन कॉलम शेजारी ठेवले तरच दिसतं. शेवट काय झाला तर १६९९ च्या सुरुवातीच्या कायद्याने इंग्लंडमधली फौज ७००० वर आणली, तीही इथे जन्मलेल्यांचीच, राजाच्या लाडक्या डच गार्डना परत जावं लागलं. पत्रकांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, कॉमन्समधला तराजू आधीच झुकलेला होता, पण खासदारांच्या तोंडी पत्रकांतले मुद्दे होते.

हे जमलं की मग मागे, १६७९-८१ कडे या. इथे धागा असा आहे की राजा दुसऱ्या चार्ल्सला औरस मूल नाही, भाऊ जेम्स कॅथलिक, त्याला वारसातून वगळायचं का. वगळा म्हणणारे आधी पिटिशनर म्हणवले गेले आणि त्यांचा तिटकारा करणारे ॲभॉरर, मग व्हिग नि टोरी. दोन्ही शिव्या होत्या, व्हिग म्हणजे स्कॉटलंडचे बंडखोर प्रेस्बिटेरियन, टोरी म्हणजे आयर्लंडचे कॅथलिक दरोडेखोर. तेव्हा १६८१ च्या पत्रकात "टोरी" दिसलं की त्याला आजच्या पक्षाचं नाव समजू नका, शिवी म्हणून वाचा.

इथे साखळी कशी धरायची? राजाच्या कागदापासून. २८ मार्च १६८१ ला ऑक्सफर्डचं पार्लमेंट आठवडाभरात बरखास्त केलं, एप्रिलमध्ये राजाने बरखास्तीची कारणं सांगणारं डिक्लरेशन काढलं आणि चर्चमधून वाचायला लावलं. म्हणजे बघा, छापलेला शब्द बंद करू पाहणारा दरबार स्वतःच छापून लोकांना समजावायला लागला. त्यावर व्हिगांकडून 'अ जस्ट अँड मॉडेस्ट व्हिंडिकेशन', आणि दरबाराच्या बाजूने 'हिज मॅजेस्टीज डिक्लरेशन डिफेंडेड', हे कवी जॉन ड्रायडनचं मानतात. १३ एप्रिलला लेस्ट्रेंजचं 'ऑब्झर्व्हेटर' हे नियतकालिक सुरू, आधी प्रश्न-उत्तर, पुढे व्हिग आणि टोरी यांचा संवाद, १६८७ पर्यंत नऊशेवर अंक. संवादातला व्हिग अर्थातच मठ्ठ असतो, उत्तर द्यायला नाही तर मार खायला ठेवलेला, पण त्याच्या तोंडी घातलेली वाक्यं नीट बघा, ती बऱ्याचदा खऱ्या व्हिग पत्रकांतून उचललेली असतात, म्हणजे शत्रूकडूनच तुम्हाला मूळ पत्रकाचा पत्ता मिळतो.

मग जुलैमध्ये व्हिगांचा पुढारी शाफ्ट्सबरी याला अटक, टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात टाकलं, नोव्हेंबरच्या मध्याला ड्रायडनचं 'ॲब्सलम अँड अकिटोफेल' निनावी बाहेर, बायबलमधला डेव्हिड म्हणजे चार्ल्स, ॲब्सलम म्हणजे त्याचा अनौरस मुलगा ड्यूक ऑफ मॉन्मथ, अकिटोफेल म्हणजे शाफ्ट्सबरी, आणि २४ नोव्हेंबरला लंडनच्या ग्रँड ज्युरीने "इग्नोरॅमस" (लॅटिनमध्ये "आम्हाला माहीत नाही") लिहून शाफ्ट्सबरीवरचा आरोप फेटाळला. तारखा शेजारी ठेवा, एक आठवड्याचा फरक. त्या आनंदात व्हिगांनी पदक काढलं, मार्च १६८२ मध्ये ड्रायडनने त्यावर 'द मेडल' लिहिलं, त्यावर व्हिग कवी शॅडवेलने 'द मेडल ऑफ जॉन बेज' (बेज म्हणजे ड्रायडनच). एका पदकावर एवढं रामायण.

नावांची यादी मात्र तुम्हालाच करावी लागेल, तयार यादीवर भागत नाही. पहिलं नि शेवटचं अक्षर ठेवून मधे रेघ ही सोपी पायरी. पुढे टोपणनावं. शाफ्ट्सबरीच्या पोटातल्या गळवातून निचरा व्हायला नळी बसवलेली होती, म्हणून टोरी लोक त्याला "टॅप्स्की" म्हणायचे, टॅप म्हणजे तोटी, आणि "स्की" का तर त्याला पोलंडचा राजा व्हायचंय अशी थट्टा होती, पोलंडमध्ये राजा निवडून देत ना. वारसाहक्काऐवजी निवड हवी असणाऱ्याला मारलेला टोमणा. क्रूर आहे पण एका शब्दात दुखणं नि राजकारण दोन्ही! व्हिगांनी लेस्ट्रेंजला "टाउझर" कुत्रा केला, चित्रांमध्ये सारंगी वाजवणारा, कारण क्रॉमवेलच्या काळात तो त्याच्यासमोर वाजवायचा अशी वदंता होती. एखादं टोपणनाव कळलं नाही तर सोडून पुढे जा, दहा पत्रकांनंतर आपोआप उलगडतं, अडून बसू नका.

खरं-खोट्याचं काय, हा प्रश्न सगळ्यात आधी मनात येतो आणि मी मुद्दाम उशिरा घेतोय. टायटस ओट्सने १६७८ मध्ये कॅथलिक कटाची जी कहाणी रचली ती थापच होती, पुढे १६८५ मध्ये त्याला खोटी साक्ष दिल्याबद्दल शिक्षा झाली, पण तोवर साप समजून भुई धोपटताना निरपराध माणसं फासावर गेली होती. आता १६७९ चं पत्रक वाचताना "हे खोटं आहे" म्हणून बाजूला ठेवलं तर हातात काय राहिलं? ओट्सने ज्याच्यापुढे शपथेवर जबाब दिला होता तो मॅजिस्ट्रेट सर एडमंड बेरी गॉडफ्रे, त्याचं प्रेत १७ ऑक्टोबर १६७८ ला प्रिमरोज हिलवर सापडलं, हे खरं होतं, आणि त्याचा खून कुणी केला ते आजही नक्की नाही. एका खऱ्या प्रेताभोवती थापा कशा गुंडाळत नेल्या ते बघायचं. १० जून १६८८ ला जेम्सला मुलगा झाला, तर राणीच्या बिछान्यात ऊब द्यायच्या भांड्यातून दुसऱ्याचं पोर आणून ठेवलं अशी आवई उठली, आणि राजाला ऑक्टोबरमध्ये प्रिव्ही कौन्सिल या आपल्या सल्लागार मंडळापुढे बाळंतपणाला हजर असलेल्यांच्या साक्षी नोंदवून छापाव्या लागल्या. राजाला! अफवा किती पसरली होती याचा याहून चांगला पुरावा दुसरा नाही. म्हणून थापेशेजारी नेहमी हे लिहा, कुणाला तिचं खंडन करावंसं वाटलं, आणि किती दिवसांनी.

लेखक कोण याच्या मागे मात्र फार लागू नका, आणि सापडला तरी त्याला एका बाजूला खिळा मारून ठेवू नका. १६८७ च्या एप्रिलमध्ये जेम्सने डिसेंटरांना, म्हणजे अँग्लिकन चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंटांना, कॅथलिकांसोबतच सूट दिली. मुरब्बी राजकारणी लॉर्ड हॅलिफॅक्सने "टी. डब्ल्यू." अशा सहीने 'लेटर टू अ डिसेंटर' काढलं, आशय असा की आत्ता तुम्हाला मिठी मारतायत ती पुढे नीट पिळता यावं म्हणून. गाजलं, धडाधड उत्तरं आली. उत्तर देणाऱ्यांत एक लेस्ट्रेंज, ते समजू शकतो. आणि दुसरा हेन्री केअर! हा तोच, 'वीकली पॅकेट ऑफ ॲडव्हाइस फ्रॉम रोम' मधून वर्षानुवर्षं पोपची सालं काढणारा, १६८० मध्ये त्यासाठी खटला भोगलेला, लेस्ट्रेंजचा कट्टर वैरी, आता कॅथलिक राजाच्या बाजूने त्याच्याच शेजारी उभा. विकला गेला म्हणणारे तेव्हाही होते. मला वाटतं तो डिसेंटरांना सूट मिळावी हे आधीही म्हणत होता, देणारा बदलला एवढंच, पण हे माझं वाचन झालं, तुम्ही दोन्ही ठिकाणचा केअर वाचून ठरवा. विल्यम शेरलॉक या धर्मगुरूचंही असंच, नव्या राजाची, म्हणजे तिसऱ्या विल्यमची, शपथ घेणार नाही म्हणून अडून बसला, १६९० मध्ये घेतली, समर्थनाचं पुस्तक काढलं, वर्षभरात सेंट पॉलचा डीन झाला, आणि लंडनभर चेष्टा की बायकोने घ्यायला लावली.

मिळवायचं कुठून? 'अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन' मधल्या हजारो पुस्तकांचा टाइप केलेला मजकूर फुकट वाचता येतो, शोधही घेता येतो, पण शोधताना स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी टाकून बघा. मजकूर मिळाला तरी जमलं तर पानाचा फोटोही बघाच, कारण हाताने लिहिलेल्या नोंदी मजकुरात येत नाहीत. नार्सिसस लट्रेल नावाचा एक वकील होता, पत्रकं जमवायचा आणि टायटल पानावर मिळाल्याची तारीख नि किंमत टिपून ठेवायचा. त्याच्या 'ॲब्सलम'च्या प्रतीवर १७ नोव्हेंबर लिहिलंय आणि किंमत नाही, कारण प्रकाशक जेकब टॉन्सनने मित्र म्हणून भेट दिली होती. ऑक्सफर्डचा अँथनी वुड पण असाच टिपत बसायचा. त्याच लट्रेलची १६७८ पासूनची रोजनिशीवजा बखरही छापलेली आहे, पत्रक वाचायला घेतलं की आधी त्या आठवड्यात लंडनमध्ये काय चाललं होतं ते तिच्यात बघून घ्या, पेनीभर कॉफी घेऊन टेबलावरचं पत्रक उचलणाऱ्या माणसाला सकाळपासून काय काय कळलेलं होतं तेवढं तरी आपल्याला ठाऊक असलेलं बरं.